सतरा खुंट्या

आमच्याकडे एक भाडेकरू राहायचे. दिवसभर कानाला यंत्र लावून परदेशातली रेडिओ स्टेशनं ऐकायचे, आणि विचारलं की रेडिओतला माणूस काय बोलतोय, तर म्हणायचे, "मला काय माहीत? मी फक्त येतोय का ते ऐकतोय."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर संशय नाही घ्यायचा तर कुणावर घ्यायचा.

ही एकाहत्तरच्या लढाईनंतरची दोन-तीन वर्षं. भाईंदरला तेव्हा आमच्या बाजूला खाडी, मिठागरं आणि भातशेती, बस. आमच्या आळीत वीज आली नव्हती. लोक खोली बघायला येतात तेव्हा पाणी कुठे, संडास कुठे असं विचारतात. यांनी विचारलं, "जवळपास मोटर चालते का कुठे? पिठाची गिरणी वगैरे?" आमचे हे तेव्हा मिठागरावर मुकादम होते. हे म्हणाले, "नाही हो, दळण घेऊन स्टेशनापर्यंत जावं लागतं." तर हा माणूस खूश. लगेच खोली ठरवून मोकळा.

सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. तो माणूस वळल्यावर म्हणाल्या, "गिरन न्हाय म्हनून ज्या मानसाला बरं वाटतं, त्याच्या पोटात कयतरी हाय."

पुढे कळलं की विजेच्या मोटारी चालल्या की रेडिओत खरखर होते, आणि त्यांना खरखर चालायची नाही. पण हे पुढे कळलं. संशय त्याच्या आधी येऊन बसला होता, आणि आधी येणारा जागा पकडतो.

त्यांचं काम काय, हे मला समजायला सहा महिने लागले. मुंबईत रेडिओच्या ऑफिसात होते. पण ते बोलणारे नव्हते की गाणारे नव्हते. आपला आवाज समुद्रापलीकडे पाठवायचा तर किती वाजता पाठवायचा, रेडिओच्या कुठल्या पट्टीवर, आणि यंत्राचं तोंड कुठल्या दिशेला करून, हे ठरवणारे. त्यांच्याकडे आफ्रिकेचा पूर्व किनारा होता. तिथे आपले लोक पुष्कळ, कुणी दुकानदार, कुणी कारकून, कुणी शिंपी. त्यांच्यासाठी तिथल्या संध्याकाळी एक कार्यक्रम जायचा. तो तिथे नीट पोचतो की नाही, ही यांची काळजी. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकीचे दिवस आमच्या मागच्या खोलीत.

"मग तुम्ही पाठवायचं सोडून ऐकत का बसता?" मी एकदा विचारलंच.

"वहिनी, आवाज ज्या वाटेने तिकडून इकडे येतो, त्याच वाटेने इकडून तिकडे जातो. तिकडचं स्टेशन मला इथे नीट ऐकू आलं, म्हणजे वाट उघडी आहे. नाही आलं, म्हणजे बंद."

"आणि वाट बंद कोण करतं?"

त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं देव म्हणतायत. ते सूर्य म्हणत होते. सूर्यावर डाग असतात म्हणे, ते काही वर्षं वाढतात, काही वर्षं कमी होतात, आणि डाग कमी झाले की आवाजाच्या वाटा एकेक करून बुजतात. "सध्या सूर्य उतरणीला लागलाय," असं ते इतक्या काळजीने म्हणायचे, की घरातलं कुणी आजारी असावं.

माणूस स्वतःच भयंकर संशयी. मनगटावर एक घड्याळ, भिंतीवर एक, आणि दोन्हींवर विश्वास नाही, म्हणून रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून दोन्ही जुळवायचे. एक स्टेशन आधी डाव्या कानाने ऐकायचे, मग उजव्या, कारण एक कान दुसऱ्याला फसवतो असं त्यांचं म्हणणं. चहात मी साखर घातली तरी ढवळून, चमच्याने चाखून, मग कप उचलायचे. मला आधी राग यायचा. मग बघितलं, स्वतः केलेला चहासुद्धा तसाच चाखतात, तेव्हा गेला.

ऐकून झालं की वहीत पाच आकडे लिहायचे. पंचेचाळीस हजार चारशे अमुक, चौतीस हजार तमुक. ती किंमत नव्हती. पहिला आकडा आवाज किती मोठा, दुसरा मध्ये कुणी घुसतंय का, असा प्रत्येक आकड्याचा अर्थ होता. पण आम्ही जमिनीची माणसं. कागदावर आकडे बघितले की आम्हाला एकच सुचतं. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्यात आपला सर्व्हे नंबर हाय का, बग."

त्यात भर म्हणजे तो नकाशा. भिंतीवर एक गोल नकाशा होता, त्यात मुंबई मध्यभागी आणि सगळी दुनिया तिच्याभोवती ताणून, वेडीवाकडी पसरलेली. मध्यातून पेन्सिलीच्या रेघा बाहेर गेलेल्या. झाडायच्या निमित्ताने सासूबाई आत जाऊन तो बघून आल्या. "सगल्या रेघा आपल्याच घरातनं कशा निघतान?"

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यांनी आमच्या जमिनीत खुंट्या मारल्या. तिथे सगळं बिघडलं.

येताना त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं होतं, मागे थोडी तार बांधली तर चालेल का. ह्यांना वाटलं कपडे वाळत घालायची. होय म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात दोन माणसं आली आणि गोठ्याच्या मागून, बांध ओलांडून, आमच्या शेताच्या पार टोकापर्यंत कमरेएवढ्या बांबूच्या सतरा खुंट्या ठोकून गेली. त्यावरून तांब्याची तार. एकदम सुतात.

त्या वर्षांत खुंटी म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. शेजारच्या गावात रस्त्याची मोजणी झाली तेव्हा आधी खुंट्याच आल्या होत्या, नोटीस मागून आली. सरकार जादा जमीन काढून घेणार, मिठागरं जाणार, बिल्डर येणार, रोज कुणीतरी काहीतरी सांगायचं. सासूबाईंनी नवरा गेल्यावर ती जमीन एकटीने राखलेली. चार पायली भात येवो नाहीतर दोन, ती जमीन गेली तर त्यांचं काय राहिलं असतं? त्यांनी मला कामाला लावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाचणं पुड्यांच्या कागदांवर शिकले, पण घरात बाईमाणसांत वाचणारी मीच.

"तू लिवून ठेव," त्या म्हणाल्या. "त्यो कवा बसतो, कवा उठतो, कोन येतं, कय आवाज येतो. उद्या कचेरीत दाखवायला आपल्याकडं कयतरी पायजे."

म्हणून मी एक शाळेची वही केली. पाळत ठेवायची म्हणजे दळायला, निवडायला त्यांच्या खिडकीखाली बसायचं. कानाला लावायचं यंत्र सोडून कधी कधी ते आवाज मोठा करायचे, ते मी लिहायची. सकाळी गाणं, कोंबडी ओरडल्यासारखं. दुपारी कुणी बाई बोलली, स्वच्छ. रात्री साडेआठला आफ्रिकेचं स्टेशन, ढोल वाजतो, नीट. त्यांनी एकदा मला लिहिताना बघितलं. म्हटलं आता मेले. तर म्हणाले, "हिशोब का वहिनी? चांगली सवय आहे," आणि आत गेले. ज्या माणसाला स्वतःचा डावा कान खरा वाटत नव्हता, त्याने माझ्यावर एकदाही संशय घेतला नाही.

आता मी जे सांगते ते करताना मीही होते, त्यामुळे सासूबाईंवर ढकलत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले होते. भरदुपारी सासूबाई पहार घेऊन आल्या. "चल."

"उपटायच्या का?"

"उपटल्या तर दुसऱ्या मारंल. सरकवू."

आमच्या जमिनीला लागून माझ्या चुलत दिरांची जमीन. सरळ हिशोब असा, की मोजणी होणारच असेल तर ती त्यांच्यात होवो. आम्ही गोठ्यामागची पहिली खुंटी तशीच ठेवली आणि बाकीच्या सोळा, एकेक करून, तार न तोडता, दिरांच्या बाजूला फिरवल्या. शेवटची पन्नास पावलं सरकली. सासूबाईंनी काथ्याची दोरी धरली होती, त्यामुळे रांग पुन्हा सुतात. भोकं बुजवली, वर गवताची पेंढी फिरवली. मी घरी येऊन इमानदारीत वहीत लिहिलं, आज खुंट्या सरकवल्या, शेवटची पन्नास पावलं. कचेरीत दाखवायच्या वहीत आपलाच गुन्हा लिहू नये, एवढी अक्कल मला नव्हती.

त्यांच्या खिडकीतून गोठ्यापलीकडचं काही दिसायचं नाही. आणि पावसानंतरच्या गवतात पाय घालायची त्यांना भीती, सापांची. ते खिडकीतून तार ओढून बघायचे. ताणलेली लागली की समाधान.

तेव्हापासून आफ्रिका यायची बंद झाली.

म्हणजे अगदी बंद नाही. विहिरीतून बोलल्यासारखी यायची, मध्येच दुसरंच कुणीतरी नाकातली भाषा बोलत वर यायचं. मी खिडकीखाली बसून ऐकत होते. साडेआठला, ढोल ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी, नाही. चौथ्या दिवशी, जरा. माणूस आठ दिवसांत सुकला. यंत्र उघडलं, पुसलं, बंद केलं. बॅटऱ्या बदलल्या. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. शेवटी काच काळी करून सूर्याकडे बघत अंगणात उभे राहायचे. सूर्यावर संशय घेतला, पण आमच्यावर नाही.

मार्गशीर्ष लागला तेव्हा त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला. बोलत लिहायची सवय, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. सोमवारी तो दिल्लीला न्यायचा होता. संध्याकाळची वाट बुजली आहे, तेव्हा संध्याकाळचा कार्यक्रम बंद करून पहाटे करावा, असं त्यात होतं. त्यांचे वरचे साहेब आधीच त्यांच्यावर खार खाऊन होते, मिठागरात बसून पगार खातो म्हणायचे. रिपोर्ट चुकला तर या माणसाची नोकरीतली पत गेलीच म्हणून समजा.

मी चहा घेऊन गेले तेव्हा टेबलावर एक पत्र उघडं पडलं होतं. मराठीत. मोंबासाहून एका शिंप्याचं, मूळचा रत्नागिरीकडचा.

"वाचू का?" मी म्हटलं.

"वाचा ना. खोटारडा आहे."

त्यात लिहिलं होतं, की दिवाळीपासून कार्यक्रम छान ऐकू येतो, शेजारच्या खोलीत ऐकल्यासारखा. इथल्या सहा वाजता, म्हणजे तुमच्या साडेआठला, मी मशीन थांबवतो, कारागिरांना पण थांबायला सांगतो, गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे. तेवढा वेळ मी घरी असतो.

"खोटारडा का?"

"कारण दसऱ्यापासून वाट बंद आहे. माझी वही सांगते. हे लोक मन राखतात वहिनी. आपलं स्टेशन, आपली माणसं, कशाला वाईट लिहायचं, म्हणून लिहितात छान येतं. प्रेमाने लिहितात, पण खोटं. तक्रारीचं पत्र आलं तर मी विश्वास ठेवतो. हे मी धरतच नाही." असं म्हणून त्यांनी पत्रावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

मी बाहेर आले. चूल पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. मी तो शिंपी कधी बघितला नव्हता, बघणार पण नव्हते. पण तो खरं बोलत होता हे साऱ्या दुनियेत फक्त आम्हा दोघी सासवासुनांना माहीत होतं. आणि त्याची संध्याकाळ सोमवारी जाणार होती. सांगितलं तर हा माणूस आमच्यावर केस करेल, मग खरंच सरकारचे लोक येतील, मग जमीन. नाही सांगितलं तर फुली तशीच.

शनिवारी सकाळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पान उघडून ठेवलं.

त्यांनी वाचलं. मग पुढचं पान, मागचं पान. मग म्हणाले, "पन्नास पावलं. कुणाची पावलं?"

"सासूबाईंची."

"त्यांना बोलवा."

सासूबाई आल्या त्या पदर खोचूनच. त्यांनी दारातच सुरुवात केली. "व्हय, मीच सरकवल्या. तू आदी सांग, माझ्या जमिनीत खुंट्या कनाला मारल्यास?"

"मावशी, मला जमीन नकोय. मला दिशा पाहिजे. तारेचं तोंड ज्या दिशेला, तिकडचं ऐकू येतं."

"दिशा माझ्याच शेतातनं जाते का? दुसरीकडनं जात न्हाय?"

"तुमच्या शेतातून जाते म्हणून तर मी तुमच्याकडे राहतो."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, नको असलेला माणूस जाईपर्यंत नजर ठेवायची तशा. भाडेकरूंनी सासूबाईंना दहा पावलं चालायला लावलं, टेपने मोजली, कागदावर काहीतरी मांडलं. मग टेबलावरचा पृथ्वीचा गोल जवळ घेतला, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं आणि दुसरं हळूहळू फिरवलं. दोरा आफ्रिकेवरून सुटला आणि खाली समुद्रातल्या एका ठिपक्यावर गेला.

"मॉरिशस," ते म्हणाले. "दोन महिने मी मॉरिशसकडे तोंड करून आफ्रिका शोधतोय. ती नाकातली भाषा म्हणजे फ्रेंच." मग त्यांनी ते शिंप्याचं पत्र काढलं आणि खोडरबर घेऊन फुली खोडायला लागले. लाल पेन्सिल पुरती जाईना. "हा माणूस खरं लिहीत होता. मी त्याला खोटारडा म्हटलं."

मला वाटलं होतं आम्हाला खोटारडं म्हणतील. ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दुपारी आम्ही तिघं शेतात. ते होकायंत्र घेऊन, सापांच्या भीतीने गुडघ्यापर्यंत गोणपाट बांधून. त्यांना वाटलं, पुन्हा सगळं मोजावं लागेल. सासूबाई अनवाणी पुढे गेल्या, टाचेने माती दाबली आणि म्हणाल्या, "हितं व्हती." पहार घातली, मऊ लागलं, जुनं भोक. पुढे गेल्या, पुन्हा टाच. "हितं." सोळाच्या सोळा भोकं त्यांनी पायाने काढली. भाडेकरू प्रत्येक ठिकाणी होकायंत्र धरायचे, आणि मान हलवायचे.

"मावशी, तुमची दोरी धरायची पद्धत मला शिकवा. चुकीच्या दिशेला एवढी सरळ रांग आमच्या माणसांना नाही यायची."

"टोमना मारतंय का गं त्यो?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही, खरंच म्हणतायत."

"मना न्हाय वाटत."

रात्री साडेआठला ढोल आला. त्यांनी कानाचं यंत्र काढून सासूबाईंच्या कानाला लावलं. त्या मिनिटभर ऐकत राहिल्या.

"कय बोलतो?"

"मला काय माहीत."

त्यांनी यंत्र परत दिलं, आणि मला बाहेर येऊन म्हणाल्या, "अजून सांगत न्हाय बग."

रविवारी त्यांनी रिपोर्ट नव्याने लिहिला. माझी वही शेजारी उघडी ठेवून, तारखा जुळवून, दसऱ्यानंतरचे आकडे आफ्रिकेतून काढून मॉरिशसच्या पानावर टाकले. शिंप्याचं पत्र जोडलं. आमच्याबद्दल काय लिहिलंय ते बघायला सासूबाईंनी मला पाठवलं. इंग्रजीत होतं, मी म्हटलं, सांगा. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सांगितलं: स्थानिक कारणांमुळे मधल्या काळात तारेची दिशा बदलली होती.

"एवढंच?"

"एवढंच. कारणं स्थानिकच होती ना?"

मी सासूबाईंना सांगितलं. "आपलं नाव न्हाय?" नाही. "जमिनीचं?" नाही. इतकं कमी लिहिलेलं त्यांना पचेना.

संध्याकाळचा कार्यक्रम संध्याकाळीच राहिला. भाडेकरू आणखी दोन वर्षं होते, मग त्यांची दिल्लीला बदली झाली. जमीन त्यांनी घेतली नाही. ती पुढे गेली ती आमच्याच माणसांच्या सह्यांनी, खुंटी न मारता, चहा-बिस्किटांवर.

पण त्या दोन वर्षांतलं एक सांगायचं राहिलं. सासूबाईंचा संशय काही मेला नाही, नुसता दुसरीकडे वळला. दिरांनी खुंट्या आपल्या जमिनीत आलेल्या बघितल्या असणार, आता ते सरकवतील, असं त्यांच्या डोक्यात बसलं. रोज सकाळी दातवण करत त्या शेताच्या टोकापर्यंत जायच्या, येताना टाचेने प्रत्येक खुंटीचं बूड दाबून बघायच्या, आणि भाडेकरूंच्या खिडकीशी थांबून एकच शब्द टाकायच्या, "सतरा."

आत ते वही उघडायचे. त्यांच्या त्या वहीत, दोन घड्याळं आणि दोन कान तपासून झाल्याशिवाय एक आकडा पडत नसे. पण सकाळचा पहिला आकडा ते खिडकीतून मान बाहेर न काढता लिहायचे.